ब्रेक कुठल्या रकान्यात लिहू?

प्रिय दादा,

फोन नाही केला, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि सगळं घर ऐकतं. हे एकट्याने वाच. आधीच सांगून टाकते, मला भीती वाटतेय. परीक्षेच्या आधी वाटायची तशी नाही. मला बाबांच्या शेजारी गाडीत बसायची भीती वाटतेय. म्हणजे कॉलेज सुटल्यापासून जे काम करते, ज्याचा पगार घेते, त्याचीच.

आमचं काम म्हणजे फुकटात मिरवणं असं तुला वाटतं, माहितीये. मासिकासाठी नवी गाडी आणायची, आठवडाभर पळवायची आणि मग लोकांना सांगायचं, घ्या किंवा घेऊ नका. पण बाबांनी त्यालाही शिस्त लावलीय. ते चालवतात आणि बोलतात, मी शेजारी बसते आणि लिहिते. चालवणारा गाडीच्या प्रेमात पडतो, म्हणतात, खरी गाडी शेजारच्याला कळते. आणि एक नियम. शेजारचा ‘बस’ म्हणाला की ब्रेक. का, कशाला, काही विचारायचं नाही. आधी थांबायचं, मग भांडायचं. मी आजवर कधी ‘बस’ म्हटलं नव्हतं. बाबा सगळ्यांना सांगत फिरायचे, माझ्या पोरीला भीती ठाऊकच नाही. खरं म्हणजे वेळच यायची नाही. मला वाटायच्या आधी ते थांबलेले असायचे.

यावेळची गाडी स्पोर्ट्स सेडान आहे. बाहेरून एकदम सभ्य. चार दारं, काळपट निळा रंग, बँकेच्या मॅनेजरसारखा चेहरा. ॲक्सिलरेटर दाबला की मात्र सीट पाठीत शिरते आणि पोट मागे राहतं. जमेच्या बाजू मी भराभर लिहून काढल्या. इंजिन म्हणजे लोणी. स्टिअरिंग इतकं खरं की चाकाखाली खडा आला तर तळहाताला कळतो. वळणावर अंग टाकत नाही. समोरच्या सीट्स अशा धरतात की हलायची सोय नाही. उणं म्हणशील तर पोट जमिनीला इतकं टेकलेलं की गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर दर वेळी खर्रकन घासते, आणि बाबा स्वतःचं ढोपर फुटल्यासारखे ‘आई गं!’ करतात. सस्पेन्शन कडक, प्रत्येक खड्डा मणक्यात नोंदवला जातो. गर्दीत हळू चालवली की गिअर बदलताना अडखळते, हिसके देते. मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात. पेट्रोल तर अशी पिते की पंपावरचा माणूस आता आम्हाला बघून हात करतो. हे सगळं मजेत लिहिलं. ब्रेकपर्यंत आले आणि अडकले.

ब्रेक बघायला आम्ही जुन्या धावपट्टीवर जातो. टोकाला भिंत आहे, तिच्या बऱ्याच अलीकडे नारिंगी शंकू ठेवतो. शंकू आले की बाबा मोठ्याने ‘दाबला’ म्हणतात आणि दाबतात. परवा वेगात होते, खूश होते, शीळ घालत होते. शंकू आले. ‘दाबला,’ म्हणाले. गाडी थांबायचं नावच घेईना. मी म्हटलं, बस. मग ओरडलेच, बस! ‘दाबलाय गं!’ ते म्हणाले, आणि दादा, त्यांचा आवाज खरा होता. मी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय सगळा जोर लावून दाबत होता. ब्रेकला नाही, ब्रेकच्या शेजारच्या जमिनीला. पोटरीची शीर ताठ झाली होती. मग तो पाय उठला आणि शोधायला लागला. वीज गेल्यावर आपण भिंतीवर हात फिरवत जातो ना, तसा. एकदा पेडलच्या कडेवरून घसरला. मग सापडला. गाडी उभी राहिली तेव्हा भिंतीवरच्या शेवाळातून चाललेल्या मुंग्या मला दिसत होत्या.

बाबा स्टिअरिंग धरूनच म्हणाले, ‘ब्रेक उशिरा धरतो. उण्यात लिही.’ मी पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही.

त्यांनीच मला चालवायला बसवलं. शंकूशी दाबला तर पट्टा खांद्यात रुतला आणि गाडी जागच्या जागी खिळली. ‘आता थंड झाला असेल,’ म्हणाले, ‘तापला की दगा देतो.’ मी तापवला. पुन्हा पुन्हा पळवली, पुन्हा पुन्हा दाबला, जळकट वास यायला लागला. तरी तसाच, खिळा. शेवटी म्हणाले, ‘तू वजनाने हलकी आहेस ना.’ मी हसले, तेही हसले.

आता मागचं एकेक जुळतंय. मध्यंतरी दूध घेऊन वर आले ते एकाच चपलेवर. दुसरी जिन्यात पडली होती, यांना पत्ताच नाही. आई म्हणाली, ‘दुसरी काय भाड्याने दिलीत?’ आम्ही पोट धरून हसलो. टाचेला फोड आला होता, तो फुटून मोज्याला चिकटला, मोजा ओढताना आईच कळवळली, बाबा टीव्ही बघत होते. शुगरच्या डॉक्टरांनी पायाला जपा म्हणून सांगितलं होतं, ते यांनी नवीन बूट घेऊन जपलं. काल दुपारी ते सोफ्यावर झोपले होते तेव्हा मी एक भयंकर गोष्ट केली. पेन्सिलचं टोक त्यांच्या उजव्या तळव्याला लावलं. आधी हलकं, मग जोरात. आपण लहानपणी नुसतं बोट नेलं तरी हे माणूस सोफ्यावरून उडायचं, आठवतं? काहीच नाही. तळव्यावर काळा ठिपका उमटला आणि बाबा घोरत राहिले. तो ठिपका मी ओल्या रुमालाने पुसला. तेही कळलं नाही.

जागे झाल्यावर म्हटलं, बाबा, एकदा पाय दाखवून येऊ. ‘पायाला काय धाड भरलीय? ही गाडी परत जाऊ दे, मग बघू.’ गाडी परत जायची ती पुढच्या आठवड्यात. तोवर संपादकबाईंना सांगून मोकळे झालेत की ब्रेकमध्ये गोम आहे. बाई खूश, असला दोष सापडला की अंक उचलला जातो. बाबा म्हणाले म्हणजे खरंच असणार, त्यांच्या शब्दावर कोण शंका घेतंय? लेख माझ्या हातात आहे. मी ब्रेक जमेच्या बाजूला लिहिलेत, ‘या गाडीत सगळ्यात भरवशाचं काही असेल तर ब्रेक,’ असं. बाबा छापून आलेलं पहिलं वाचतात. ते वाचतील आणि त्यांना कळेल, मला काय दिसलं ते. मग घरात जे व्हायचं ते होईल. मी एवढ्यावर थांबणार होते. आईलाही सांगितलेलं नाही.

पण आज सकाळी मागच्या सीटचा फोटो काढायला दार उघडलं, तर तिथे लहान मुलांची सीट बसवलेली. कोरी, पट्ट्यांवर अजून प्लास्टिक. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. ‘कशी आहे? रविवारी आजोबा चिमणीला मोठ्या रस्त्यावरून उडवून आणणार. दादाला बोलू नकोस हां, सरप्राइज आहे.’ मग वाकून दोन्ही हातांनी ती सीट गदागदा हलवून दाखवली, बघ, तसूभर हलत नाही. आणि मी ‘छान’ म्हणाले. दादा, मी छान म्हणाले. किल्ली मागितली असती तर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली असती. तुझ्यासमोर त्यांना असं हसण्यावारी नेता येत नाही. अंक रविवारनंतर येतो, त्याच्या भरवशावर राहता येणार नाही. तू शनिवारी ये. रविवारी ते तुमच्याकडे यायला निघायच्या आधी किल्ली घे, दुसरी किल्ली कपाटात शर्टांच्या खाली आहे, तीही घे. मी सांगितलं म्हणून सांग, माझ्यावर चिडले तर चिडू देत. फक्त एकटा ये. चिमणी कितीही रडली तरी तिला आणू नकोस.

वाट बघतेय.

तुझीच,
शेपूट