मामाच्या अंगातला घोडा

तर तुमचं म्हणणं कायम, की एकदा नाग चावून वाचलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विष चढत नाही, आणि मी सातवी नापास, मला त्यातलं काय कळतं. तुमच्या दिशानंही हे खोटं आहे म्हणून सांगितलं तर तिला "आधी पास हो" म्हणालात. काल तुम्ही तिसऱ्यांदा फोन कट केलात, म्हणून आता कागदावर लिहून त्याचा फोटो तिच्या मोबाईलवर पाठवतोय. कागद कट करता येत नाही. (दिशा, बाप जेवायला बसला की मोठ्यानं वाच. मधनं उठला तर भाकरी झाकून ठेव.)

तीर्थरूप भीमामामांस अमृतचा साष्टांग नमस्कार. मामीची कंबर, म्हशीचं दूध आणि दिशाची बी.एस्सी. ठीक चाललं असेल असं धरतो. मी इथं हैदराबादच्या पुढं घोड्यांच्या फार्मवर सुखरूप आहे, फक्त उजव्या मांडीवर नालाचा शिक्का उठलाय, त्याचंच सांगतो.

इथं घोड्याला नागाचं विष टोचतात. पहिल्या दिवशी ते बघून मी डॉक्टरीणबाईंचा हातच धरला आणि ओरडलो, "मुकं जनावर हाय, पाप लागंल!" घोड्याला माझी दया आवडली नसावी, त्यानं मलाच लाथ घातली. मी पडल्या पडल्या बाईंनी समजावलं. विष मोहरीएवढं, तेही लई पातळ करून देतात. घोड्याच्या रक्तातले शिपाई त्याची ओळख करून घेतात आणि फक्त त्याच विषाच्या मापाचं हत्यार घडवतात. अँटीबॉडी म्हणतात त्याला. पहिल्या खेपेला हे काम रेंगाळतं. पण काही शिपाई ती ओळख जपून ठेवतात, म्हणून पुढच्या डोसाला हत्यारं भराभर निघतात. असं करत महिने जातात. मग थोडं रक्त काढायचं, त्यातली हत्यारं वेगळी करून बाटलीत भरायची, तेच साप चावल्यावरचं औषध. (दिशा, तुझ्या पुस्तकात याला चाळीस पानं लागलीत म्हणालीस. माझं एका लाथेत झालं.)

आता नीट ऐका मामा. श्रावणात नाग चावला तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात तुम्हाला वीस बाटल्या दिल्या, त्या घोड्यानं घडवलेल्या. शिकला घोडा. तुम्ही उसन्या हत्यारांवर लढलात, आणि ती थोड्या आठवड्यांत संपली. तुमच्या अंगाला शिकायला सवड कुठं मिळाली? नाग काय मोहरीएवढं देऊन महिनाभर थांबतो व्हय?

"आरं, अंग कायतरी शिकलंच आसंल की," असं तुम्ही म्हणणार. शिकलं ना. घोडा ओळखायला शिकलं! घरी आल्यावर दहाव्या दिवशी अंगभर गांधी उठल्या, गुडघे धरले, ताप आला, आणि तुम्ही पारावर सांगत सुटलात की उरलेलं विष बाहेर पडतंय. ते विष नव्हतं. तुमचे शिपाई घोड्याचा परका माल बघून त्याच्यावर धावले होते, आणि ती ओळख त्यांनी जपलेली असणार. म्हणजे पुढच्या वेळी विष चढेल पहिल्यासारखंच, आणि सोडवायला घोडा आला की तुमचेच लोक त्याला दारात झोडपतील. त्यात दम कोंडून माणूस जाऊ शकतो. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, तरी औषध घ्यावंच लागतं, फक्त डॉक्टरला आधी सांगायचं. हे सांगताना त्या हसत नव्हत्या. (एरवी माझ्याकडं बघून नेहमी हसतात.)

आणि तुम्ही उद्या सकाळी छबूबाईच्या कडब्याच्या गंजीतला नाग नुसत्या हातानं काढणार म्हणून अख्ख्या गावाला सांगून बसलात. दिशानं कळवलं म्हणून तर तीनदा फोन केला. मला दुसरा मामा नाही.

तुमचा भाचा,
अमृत

ता.क. "आधी घोड्याचं औषध घेतलंय" अशी चिठ्ठी लिहून दिशानं तुमच्या बंडीच्या खिशात कायमची ठेवावी.

ता.क. दुसरा. तुम्ही ऐकणार नाही हे धरून मी मघाशी छबूबाईला फोन केला आणि तुम्हाला जुलाब लागलेत असं सांगितलं. एव्हाना गावभर झालं असेल. तेव्हा उद्या सकाळी टमरेल घेऊन दोन-तीनदा तिच्या दारावरून जावं, एवढीच हात जोडून विनंती. जाताना जरा वाकून चाला.

ता.क. तिसरा. नाग धरायला पाथर्डीहून सर्पमित्र बिभीषण आठ वाजता येतोय. तो पैसे घेत नाही, पण त्याच्या गाडीत पेट्रोल नाही. दिशाच्या नंबरवर टाकतोय, दोनशे वीस रुपये.