उलट्या गुंडाळीची रिबन

प्रिय रिम्मा अर्काद्येव्ना,

तुम्ही गेल्यावर हे लिहिते आहे, तेव्हा टपालात टाकायचा प्रश्नच नाही.

"कुणी रिबनला हात लावला तर बोटांवर इस्त्री फिरवीन, भवान्यांनो!" असं दटावून तुम्ही आमच्या जिम्नॅस्टिक्सच्या रिबनी स्वतः इस्त्री करून गुंडाळायचात. मॉस्कोच्या निवड स्पर्धेला माझी आई ओम्स्कहून आली. "इन्नोच्का, बघू तरी, केवढी लांब असते ती!" मी सहा मीटर उलगडून दाखवली आणि घाईघाईनं परत गुंडाळली. माझं नाव पुकारलं तेव्हा तुम्ही रिबन हातात घेतलीत, क्षणभर पाहिलीत. वेळ नव्हता. "जा, सोन्या," एवढंच म्हणालात.

दुसऱ्याच फेकीला रिबनला गाठ पडली आणि माझी संघातली जागा हुकली. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "गुंडाळी माझी, चूक माझी." त्यानंतर मोठ्या स्पर्धेला जाणारी मुलगी तुमच्याकडे कुणी सोपवली नाही. मी चाळीस वर्षं गप्प राहिले.

आता त्याच आपल्या हॉलमध्ये मी शिकवते. आज माझी विद्यार्थिनी उल्याना हिची, मीच गुंडाळून ठेवलेली रिबन हाती घेतली, तर गुंडाळी उलट्या दिशेची.

"आईला दाखवलीस ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, तू डावखुरी, मी उजव्या हाताची. तुझी गुंडाळी माझ्या उलट पडते."

बोलता बोलता मला आठवलं. तुम्हीही डावखुऱ्याच होतात, बाई. म्हणजे त्या दिवशी माझी उलटी गुंडाळी तुम्हाला दिसली होती.

उल्यानाला मी रागावले नाही. बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईला आत बोलावलं आणि इस्त्री करताना रिबनचं दुसरं टोक तिच्या हाती दिलं.

तुमचीच,
इन्ना