यंदा पाट आले नाहीत

बाबा, आज आपल्या गणपतीच्या शाळेला मी कुलूप लावलं. विसर्जन झालं, पण यंदा शाळेतून एकही मूर्ती बाहेर पडली नाही. आषाढ सरला तरी कुणी आपला पाट आणून टेकवला नाही. तुमच्या वेळी भिंतीला पाटांची चळत लागायची, खाली खडूनं ज्याचं त्याचं नाव. पाट आला म्हणजे त्या घरचा गणपती आपल्याच हातचा, विचारायचं कामच नसायचं.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग जात नाही माझ्या मनातून. विशीतला मी, पहिल्यांदाच मूर्तीचे डोळे आखलेत, आई चहा घेऊन दारात उभी आहे, आणि तुम्ही ओल्या फडक्यानं ते सरळ पुसून टाकता! "सुरेख आहेत. पण हा बघतो कुठे? दारातून कुणीही आलं तरी त्याला वाटलं पाहिजे, माझ्याकडेच बघतोय." मी म्हटलं, "मग तुम्हीच आखा जन्मभर." आणि गेलो मस्कतला.

तिथे हॉटेलांसाठी बेल्जियमकडच्या जुन्या चित्रकारांच्या चित्रांच्या नकला केल्या, शेठ लोकांचे चेहरे फोटोवरून रंगवले. एका पुस्तकात असाच एक चित्रकार सापडला. सगळं घरच चित्रकारांचं, आणि हा परमुलखात राजांच्या पदरी. काय फुशारलो होतो मी! ज्याला त्याला सांगायचो, आमचंही तसंच. तुम्ही गेलात तेव्हा एक भलं मोठं चित्र अर्धं होतं. रजा मिळाली असती. मी मागितलीच नाही.

तुमच्यामागे शाळा धाकट्यानं सांभाळली. मग साखरेच्या आजारानं त्याचे डोळे गेले. त्याचा फोन आला, "दादा, आखणीपुरता तरी ये." गेल्या वर्षी आलो. तुमच्या जुन्या मूर्तीचा फोटो समोर ठेवून, मापं घेऊन सगळे डोळे आखले. केसभर चूक नाही. शेजारची काकी मूर्ती न्यायला आली. वाकून बघितलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. म्हणाली, "काम झ्याक केलंस हो लेका. पण ह्यो आमच्याकडं बघत नाय रे." पाट तिचा होता, मूर्ती घेऊन गेली. भांडलं कुणीच नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

यंदा श्रावणभर एकटाच बसून शाडूच्या चेहऱ्यांवर डोळे आखले आणि पुसले. नाही जमत, बाबा. हात तयार आहे, पण त्याला फोटोच लागतो. तुम्हाला विचारायची सोय नाही, आणि होती तेव्हा मी विचारलं नाही.

हे पत्र तरी कुठे टाकणार? पण एक सांगायचं राहिलंय. यंदा घरचा गणपतीही मी बाजारातून आणला, तयार. धाकट्याला सांगितलं, मीच आखलाय. आरती झाल्यावर तो चाचपडत पुढे गेला, हात जोडून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बघतोय हो दादा. अगदी बाबांचाच हात." मी त्याला खरं सांगितलं नाही.