किरनापूरच्या वाटीची कड

मी गुणाकर तुळशीराम ढोमणे, वय एकोणऐंशी, धंदा चांदीकाम, राहणार बालाघाट, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहितो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. रागाला दाखला लागत नाही.

१. राहते घर पत्नी प्रेमलता हिच्या हयातीपर्यंत तिचे. पुढे मुलगा यशोधन व मुलगी वल्लरी यांचे निम्मे-निम्मे. यशोधनचे नाव मी तीनदा खोडून तीनदा परत लिहिले. प्रेमलताचा पाणी प्यायचा चांदीचा तांब्या दुकानाच्या काचेत मांडू नये.

२. दुकान यशोधनचे. तसेही ते त्याने माझ्या डोळ्यांदेखत घेतलेच आहे.

३. ऐरण व हातोड्या राजेगावला सासरी असलेल्या वल्लरीच्या. तिचा हात भावापेक्षा चांगला होता. मुलीचे काम नाही म्हणून मीच तिला ऐरणीवरून उठवले. ती चूक माझी.

४. माझ्या नावाचा ठसा मी फक्त स्वतः घडवलेल्या भांड्याच्या बुडाला मारला. उष्टावणाच्या वाटीची कड तर आधी माझ्या ओठावर फिरवून बघायचो, कारण बाळाचा पहिला घास तिच्यातून जातो. यशोधनने यंत्रावरच्या वाट्या आणून माझ्या माघारी त्यांवर माझा ठसा मारला. किरनापूरच्या विमलाबाईंनी त्यातली एक नातवासाठी नेली आणि ऐन उष्टावणात त्याचा ओठ कापला. भर दुकानात त्यांनी वाटी उलटी करून विचारले, "भाऊ, हे वाटी तुमच्याच हातची हाय का?" गिऱ्हाइकांपुढे मुलाची अब्रू राखायला मी म्हणालो, "हौ, माह्याच हातची." त्या वाटी तिथेच ठेवून गेल्या. साठ वर्षांच्या कामाला मीच काळे फासले.

म्हणून तो ठसा कानशीने घासून सपाट करावा. माझा चांदीचा करदोटा आटवून वल्लरीने त्या नातवाला नवी वाटी घडवावी आणि बुडाला स्वतःचे नाव घालावे.

५. ओठ कापणारी ती जुनी वाटी यशोधनला. माझ्या तेरवीची खीर त्याने तिच्यातूनच प्यावी.

साक्षीदार म्हणून मी मुद्दाम विमलाबाईंना बोलावले व वरील सर्व वाचून दाखवले. चौथ्या कलमाशी त्यांनी मला थांबवले. म्हणाल्या, "मले तवाच मालूम होतं, भाऊ. माह्या पोराच्या लहानपणची वाटी तुमच्या हातची हाय, तिची कड मले मालूम हाय. तुम्ही पोरासाठी खोटं बोलले, म्हणून मी गप राह्यली."

पाचवे कलम कायम आहे. मात्र खोटे वागणारे दोघे होते, म्हणून आज दुपारी त्या वाटीतून पहिली खीर मी प्यालो. कड ओठाला लागते.

सही, ठशाशिवाय: गुणाकर तुळशीराम ढोमणे

साक्षीदार:
१. विमलाबाई, किरनापूर (सही)
२. चंद्रशेखर, शेजारी (सही)

बालाघाट, दि. १४ फेब्रुवारी २०२५