उठाड तिले, मास्तर

३ फेब्रुवारी १९३४
सुरतहून यंत्र आलं! बोलपटाचं. स्टेशनापासून बैलगाडीत — पुढे थिएटरचे मालक दोधूशेठ नवा फेटा बांधून, मागे अर्धं नंदुरबार. मला म्हणाले, "आते पडदाच बोली, मास्तर. तुम्ही काय करशात?" हसले. मीही हसलो. काय करणार!

४ फेब्रुवारी
शेठच्या वडिलांनी हे थिएटर नाटकांसाठी बांधलं. मी इथेच राजा व्हायचो. नाटक कंपन्या बुडाल्या, मुकी चित्रं आली. राजाचा मास्तर झालो — पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट अहिराणीत सांगायची.

एकच पथ्य. नायिका मरू द्यायची नाही! पहिल्या वर्षी एक मेली, तर बांबूच्या चिकाआड बसणाऱ्या बायका महिनाभर फिरकल्या नाहीत. तेव्हापासून माझ्या नायिका फक्त बेशुद्ध पडतात. चिता पेटली तरी सांगतो — ती दुसरीच कोणी.

हे काम गेलं तर दुसरं मला काही येत नाही. भीती वाटते, खरंच.

१० फेब्रुवारी
पहिला बोलपट. मला फुकट खुर्ची. कुणी मागितली होती?

सगळे हिंदीत, भराभर. शेवटी नायिका आडवी. नायक ओरडला — "मर गई!" मग चिकाआडून रनाळ्याची धनुबाई — "खोटं बोलस हाऊ! मास्तर, उठाड तिले!" मग सगळ्याच ओरडायला लागल्या.

उठलो. "बायांनो, बेसुद शे ती! वैद वाटमाच शे. याले काय समजस!"

बायका हसत घरी गेल्या. नायक पडद्यावर रडतच होता.

११ फेब्रुवारी
शेठनी ठेवून घेतलं! शेवटच्या रिळापुरतं. तोवर पान खायचं, गप्प बसायचं. बायकोला, सुंदरला, सांगितलं. सुंदर म्हणाली, "मरेल बाईले उठाडानं काम कोनाले भेटस!" डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तिला म्हटलं, चुलीचा धूर.

१३ फेब्रुवारी
दोन खेळ. दोन्हीदा उठवली.

२ मार्च
खापरहून गाड्या भरून माणसं. एकाने विचारलं, वैद्य नेमका कोणत्या गावचा? तळोद्याचा, म्हटलं.

१७ मार्च
नवं चित्र आलं. शेठनी मला शेजारी बसवून आधी चालवून पाहिलं. शेवटी लग्न. सगळे जिवंत — सासूसुद्धा.

शेठ उठून रिकाम्या पडद्यापर्यंत गेले, परत आले. मग — "मास्तर, यामा तर कोनीच मरत नई."

म्हटलं, "पुन्हा एकदा लावा, शेठ. नीट पाहू."