बोट त्यांच्याकडं, नळी आमच्याकडं

१८ ऑगस्ट
पलीकडच्या जिल्ह्यानं बोट मागितली. नदी दोघांची, बोटही दोघांत एकच, सध्या आमच्याकडं. साहेब म्हणाले, द्या, पण इंजिनाची पेट्रोलची नळी काढून ठेवा. मागच्या खेपेला बोट परत मिळेपर्यंत नाकी नऊ आले होते. नळी आपल्याकडं असली की विचारल्याशिवाय कुणी बोट चालवत नाही, हा आमच्या पूर नियंत्रण कक्षाचा शहाणपणा. तिकडचे कदम फोनवर चिडले. "बैल देता अन् कासरा ठिवून घेता व्हय?" दोन वर्षं ओळखते, नुसत्या आवाजानं. नळी कपाटात, कुलूप लावून. पेट्रोलचा वास.

२९ ऑगस्ट
धरणातून पाणी सोडलं. सकाळीच कदमांचा फोन. नदीतल्या उंचवट्यावर धनगरांचं बिऱ्हाड अडकलंय. म्हातारा तुकाबा, सून, तिचं तान्हं, मेंढरं. "मॅडम, बोट काठावर हाय. नळी?"
साहेब बैठकीत, फोन बंद, किल्ली त्यांच्या खिशात. आमचे ड्रायव्हर सलीमभाई गाडीतली लोखंडी टॉमी घेऊन आले आणि कुलूप तोडलं. "ताला नया आ जाएगा, मॅडम." नळी घेऊन दोघं निघालो. जिल्ह्याबाहेर गाडी न्यायला परवानगी लागते, हे पूल ओलांडताना आठवलं. त्यांनाही आठवलं असणार. गाडी तशीच दामटली.
कदम आवाजापेक्षा बारीक निघाले. नमस्कार राहिला, आधी नळी ओढून घेतली.
सून आली, तान्हं पदरात गुंडाळलेलं. तुकाबा आला नाही. बोटीत फक्त माणसं, असा नियम. ती म्हणाली, "मामंजी नाय यायचे. कोकरं लई बारकी हायती."
नळी आमच्या कपाटात होती तेवढा वेळ ही बाई पाण्याकडं बघत बसली होती. स्वतःची लाज वाटली. पुंडलिकनगरला घरी पोचले तर आईनं विचारलं, कपड्यांना कसला वास. कपडे बादलीत भिजत घातले.

३० ऑगस्ट
साहेबांनी तुटलेलं कुलूप पाहिलं. ओरडले नाहीत. बसा म्हणाले.
"नळी आणली?"
"नाही सर. तिथंच ठेवली."
"उद्या आपल्या बाजूचं गाव अडकलं तर?"
  माणूस वाईट नाही, त्यांनाही वर जाब द्यावा लागतो. मला लेखी खुलासा मागितलाय. काय लिहू. बैल, कासरा...

३१ ऑगस्ट
पुन्हा पाणी सोडणार. आमच्या काठावरची गावं घाबरलीत, बोट संध्याकाळपर्यंत इकडं हवी. साहेब म्हणाले, मागवा. कदमांना फोन लावला. मी सांगायच्या आत तेच बोलू लागले. नियम गुंडाळून ठेवून कोकरं आणतायत. तुकाबा म्हणे शेवटच्या खेपेला येणार, मोठ्या मेंढरांचं मागनं बघू म्हणाला. "अजून थोड्या खेपा, मॅडम. का आत्ताच धाडू?" मी म्हटलं, पुन्हा लावते.
साहेब दारात उभे. "काय म्हणाले?"
मी फोन खाली ठेवला.
"लागला नसेल फोन," तेच म्हणाले. "नदीकडं रेंज नसते. थोड्या वेळानं लावा."
आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठ करून.
आमच्या काठावरूनही आता फोन यायला लागलेत. पाणी पायरीला लागलंय म्हणतात. कदमांचा नंबर समोर आहे. अजून लावला नाही.