बाटलीवरचं जुनं लेबल

९ फेब्रु. ८८, जळगाव
टीवायच्या वर्गाला एन्झाइमचं इनहिबिशन शिकवलं. उदाहरण दिलं: न्हाव्याची एकच खुर्ची, दुसरा आधी बसला की पहिला ताटकळला. पोरं हसली. दुपारी प्रॅक्टिकलसाठी मिथेनॉल काढलं. दुसरी बाटली सापडेना, स्पिरिटच्याच संपलेल्या बाटलीत भरलं. लेबल उद्या बदलू.

१० फेब्रु.
पेपर तपासले. लेबल राहिलंच.

११ फेब्रु.
भिकाभाऊ आले नाहीत. आमचे लॅब अटेंडंट, वीस वर्षं झाली. संध्याकाळी स्पिरिट पाण्यात घालून घोटभर घेतात, अख्ख्या डिपार्टमेंटला माहीत. मलाही. कधी बोललो नाही. बाटली पाहिली, तीन बोटं कमी. स्टुलावर बसून राहिलो. बेल झाली, लेक्चर घेतलं.
चारला त्यांचा मेहुणा धावत आला. "सर, भाऊले बठ्ठं धवळं दिसस!" सगळं पांढरं, म्हणजे डोळ्यांवर आलं होतं. गाडी करून धुळ्याला नेलं. डॉक्टरांना म्हटलं, पोटात मिथेनॉल आहे. बाटलीत ते कुणी भरलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१२ फेब्रु., धुळे
उपाय दारूच. साधं अल्कोहोल मिळालं की एन्झाइम त्यातच गुंततं, मिथेनॉल तसंच लघवीतून जातं. नाहीतर त्याचं फॉर्मिक ॲसिड, मग डोळे. सलाइनमधून द्यायचं अल्कोहोल इथे नव्हतं. स्टँडजवळून दारूची बाटली मीच आणली, डॉक्टरांनी नाकातल्या नळीतून दिली. सुमनअक्का, त्यांची बायको, बघत होत्या. "सर, दारूमुयेच व्हयनं ना हाई? मंग परत दारूच?"
खुर्चीचं उदाहरण तोंडाशी आलं. गिळलं.

१४ फेब्रु.
जगतील, डॉक्टर म्हणाले. डोळ्यांचं सांगता येत नाही. ऐकून काहीच वाटलं नाही. बाहेर येऊन शेवभाजी पोटभर खाल्ली. स्वतःची किळस आली, तीही थोडीच.

१६ फेब्रु., जळगाव
प्राचार्यांनी रिपोर्ट टाइप करून ठेवलेला. अटेंडंटने स्टोअरमधलं मिथेनॉल चोरून प्यायलं. खाली माझी सही हवी. म्हणजे भिकाभाऊंची नोकरी गेली, पेन्शनही गेली. "त्यांचं व्हायचं ते झालं, तुम्ही कशाला अडकता?"
उद्या करतो म्हटलं. माझी उद्याची सवय जात नाही.

१८ फेब्रु., धुळे
अक्का चहा आणायला गेल्या तेव्हा सांगून टाकलं. बाटली मी भरली, लेबल मी बदललं नाही. भिकाभाऊ म्हणाले,
"तुमना पोऱ्या ल्हाना शे, सर. मी चोरीसन पिनू, असंच लिखा."
बोलताना ते माझ्या डावीकडे पाहत होते. मी सरकून तिथे जाऊन बसलो.

१९ फेब्रु., जळगाव
प्राचार्यांनी अकराला बोलावलंय. रिपोर्टवर सही नाही. सकाळपासून दुसरा कागद घेऊन बसलोय. त्यावर "ती बाटली मी" एवढंच झालंय. साडेदहा वाजले.